‘हाली’चं ‘हल्ली’ झालं तेव्हा

‘बैलजोडीला दीडशे रुपये हल्ली मोजले.’ प्रुफात हे वाक्य आलं आणि मी अडखळलो. सांगणारा माणूस निजामाचं राज्य संपवणाऱ्या १९४८ च्या पोलीस अ‍ॅक्शनच्या आधीचं सांगत होता, मग त्यात ‘हल्ली’ कुठून आलं? कपाटातून १९९८ सालचं छापील पुस्तक काढलं. तिथे होतं ‘दीडशे रुपये हाली मोजले’. हाली म्हणजे हाली सिक्का, निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा स्वतःचा रुपया. ब्रिटिश मुलखातला तो कलदार, आणि कलदारापुढे हाली जरा हलका. आमच्या आजोबांच्या पिढीत सौदा ठरताना ‘हाली की कलदार?’ हे आधी विचारलं जाई. एक काना गेला, एक अर्धा ल आला, आणि तो म्हातारा निजामाच्या राज्यातून उठून थेट आजच्या बाजारात येऊन बसला.

आमच्या भागातल्या एका संस्थेने मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या सुवर्णमहोत्सवात, म्हणजे १९९८ मध्ये, त्या काळाच्या साक्षीदारांच्या मुलाखतींचं पुस्तक काढलं होतं. २०२३ मध्ये अमृतमहोत्सव होता, म्हणून नवी आवृत्ती काढायचं ठरलं. (ती अजून निघालेली नाही, हे सांगून टाकतो.) पुस्तकात नसलेल्याही मुलाखती फाइलींमध्ये होत्या. तेव्हा पानं परवडत नव्हती म्हणून आठ जणांना वगळलं होतं, आणि ते आठही जण आता हयात नाहीत. त्यांचं बोलणं कुठे असेल तर ते वर्ड ९७ मधल्या, जुन्या मराठी फॉन्टमधल्या, फ्लॉपीवरून सीडीवर आणि सीडीवरून पेनड्राइव्हवर आलेल्या त्या फाइलींतच. एका होतकरू पोराने त्या फाइली नव्या वर्डमध्ये उघडल्या, कन्व्हर्टरमधून, म्हणजे जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोड या आजच्या सामाईक अक्षरपद्धतीत नेणाऱ्या प्रोग्रॅममधून, काढल्या, ‘हाली’खाली लाल रेघ आली, त्याने उजवं क्लिक करून सुचवलेला पहिला शब्द घेतला. दुसरं काही घडलं नाही.

चूक सापडली याचं मला वाईट वाटलं नाही. प्रुफं त्यासाठीच असतात. नंतरच्या बैठकीत जो वाद झाला तो मात्र खटकला. एक बाजू म्हणाली, आता सगळं एका क्लिकवर युनिकोडमध्ये येतं, जुन्या फाइली डिलीट करा, दोन-दोन प्रतींचा घोळ नको. दुसरी बाजू होती अण्णांची. पंचाण्णव सालापासून डीटीपी करणारा माणूस. ते म्हणाले, ‘‘नव्या वर्डात घालूच नका सर. माझ्या एक्सपीच्या मशीनवर सगळं धडधाकट हाय.’’ हाच वाद मी शाळांच्या कार्यालयांत, पंचायत समितीत आणि छापखान्यांत ऐकलाय. दोन्ही बाजूंचा प्रश्न एकच असतो: कोणतं सॉफ्टवेअर ही फाइल उघडतं? माझ्या मते प्रश्नच चुकीचा आहे. जुनी फाइल ही मूळ प्रत आहे. तिच्यात नव्या सॉफ्टवेअरमधून हात घालायचाच नाही. तिची प्रत करायची, त्या प्रतीचं रूपांतर करायचं, आणि ते रूपांतर जाणत्या माणसाने मुळाशी ताडून वाचायचं. हे ताडून वाचणं म्हणजे संपादन आहे. आपण ते बटणाचं काम समजतो, म्हणून त्याला ना वेळ देतो ना पैसा.

फाइल उघडणं आणि फाइलीत दुरुस्ती करणं यांत किती अंतर आहे हे मराठीत काम करणाऱ्याला जितकं कळतं तितकं इंग्रजीवाल्याला कळायचं नाही. आपल्या जुन्या फॉन्टच्या फाइलीत संगणकाच्या लेखी मराठी नसतंच. त्याच्या लेखी ती रोमन अक्षरं, टिंबं आणि पौंडाची चिन्हं यांची रांग असते. फॉन्ट त्या प्रत्येक चिन्हाच्या जागी काना, वेलांटी, अर्धा श असं चित्र दाखवतो. फॉन्ट नसला की चित्रं गेली, रांग उरली. अण्णा म्हणतात तसं, ‘‘उघडायलंय सर, पण वाचायला येईना.’’ बरं, फॉन्ट असला तरी धोका टळत नाही, उलट तो दिसेनासा होतो. वर्डची समजूत अशी की आपण इंग्रजी लिहितोय. वाक्याचं पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल करायचं हा त्याचा जुना शिरस्ता. इंग्रजीत त्याने काही बिघडत नाही, पण जुन्या मराठी फॉन्टमध्ये लहान अक्षराच्या जागी एक चिन्ह बसवलेलं असतं आणि कॅपिटलच्या जागी भलतंच. सरळ अवतरणचिन्ह वाकडं करायची त्याची सवयही तशीच. त्या जागेवर फॉन्टने मराठी अक्षर बसवलं असेल तर ते अक्षर उडालं. नुसतं वाचत बसलात तर यातलं काही होत नाही. तुम्ही एक शब्द घालायला जाता, आणि शेजारचा बदलतो. मग सवयीने सेव्ह दाबता.

आणि हे फक्त मराठीपुरतं आहे का? कुठल्याही गणिताच्या मास्तरांना विचारा. जुन्या प्रश्नपत्रिकांमधली समीकरणं वर्डच्या जुन्या इक्वेशन एडिटरमध्ये केलेली असत. त्या एडिटरमध्ये सुरक्षेचं भगदाड सापडलं, आणि जानेवारी २०१८ च्या अपडेटमधून मायक्रोसॉफ्टने तो काढूनच टाकला. आता समीकरण पडद्यावर दिसतं, छापता येतं, पण वर्गमुळाखालचा तीनाचा पाच करायचा तर आधी त्या समीकरणाचंही नव्या पद्धतीत रूपांतर करावं लागतं.

इथे समोरच्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा मान्य करतो: सॉफ्टवेअरवाल्यांनी आपली बाजू बऱ्यापैकी सांभाळलीय. वर्ड ९७ ची फाइल आजचा वर्ड उघडतो. वरच्या पट्टीवर ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ लिहितो, म्हणजे जुन्याला न मानवणाऱ्या नव्या सोयी बंद ठेवतो. जुन्या डॉक फॉरमॅटची रचना मायक्रोसॉफ्टने २००८ मध्ये जाहीर केली. २००७ च्या ऑफिसबरोबर आलेलं डॉकएक्स तर एक झिप गठ्ठाच आहे. नाव बदलून उघडलं तर आतला मजकूर साध्या नोटपॅडमध्येही वाचता येतो. ते आयएसओचं आंतरराष्ट्रीय मानक व्हावं की नाही यावर जगभर भांडण झालं, भारताने विरोधात मत दिलं, तरी २००८ मध्ये ते मानक झालं. त्याआधी २००६ मध्येच ओपन डॉक्युमेंट फॉरमॅट मानक झालेलं होतं. लिबरऑफिस फुकट मिळतं आणि वर्डने तोंड फिरवलेल्या कित्येक जुन्या फाइली उघडतं, पेजमेकरच्यासुद्धा. तेव्हा ‘कंपन्यांनी आपल्याला अडकवलं’ ही ओरड मला अर्धीच खरी वाटते. १९९७ ची इंग्रजी फाइल बहुधा बिनबोभाट उघडते. आपली रखडते, कारण आपण मजकूर साठवला नव्हता, मजकुराचं चित्र साठवलं होतं.

मग दोष फॉन्ट करणाऱ्यांचा? इथेही घाई नको. सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने, पुण्याच्या मॉड्युलरसारख्या कंपन्यांनी त्या काळात जे केलं त्यामुळे जिल्ह्याजिल्ह्यांतले छापखाने खिळ्यांवरून संगणकावर आले. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानक १९९१ मध्ये होतं, युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची. पण तेव्हाच्या विंडोजवर तालुक्याच्या गावात मराठी पत्रिका छापायची तर फॉन्टची युक्ती हाच चालता रस्ता होता. तक्रार वेगळी आहे. प्रत्येकाने आपली किल्ली वेगळी केली, आणि एकाच कंपनीच्या दोन आवृत्त्यांतही ती कधी कधी बदलली. महानुभावांच्या सकळ लिपीची आठवण होते. पंथाचे ग्रंथ परक्यांच्या हाती पडू नयेत म्हणून त्यांनी सांकेतिक लिप्या केल्या. हेतू साधला, इतका की मराठीतलं ते सगळं जुनं गद्य शतकानुशतकं बाहेरच्यांना वाचताच आलं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाड्यांनी किल्ली सोडवली तेव्हा दार उघडलं. महानुभावांकडे निदान कारण होतं. आणि पंथातले लोक ती लिपी शिकत-शिकवत आले, म्हणून पोथ्या जिवंत राहिल्या. १९९८ च्या फॉन्टची किल्ली कोण कुणाला शिकवतंय?

अण्णांची बाजू त्यामुळेच टिकत नाही, जरी माझं मन त्यांच्याकडे ओढतं. त्यांच्या मशीनवर फाइल जशी टाइप झाली तशी दिसते, हे खरं आहे आणि मोलाचं आहे. रूपांतर ताडायला तेच मशीन लागतं. पण एका मशीनवर, एका माणसाच्या बोटांवर आणि त्या माणसाच्या तब्येतीवर आठ जणांच्या साक्षी टांगून ठेवायच्या? लाइट गेली-आली की ते मशीन दोनदा खोकतं. हार्डडिस्क एकदा बदललीय, दुसऱ्यांदा त्या जातीची मिळेल याची खात्री दुकानदार देत नाही. शिवाय तिथे नुसतं पाहता येतं. शोधता येत नाही. ‘उमरगा’ कुठे कुठे आलंय हे त्या फाइलींना विचारायची सोय नाही. रूपांतराशिवाय गत्यंतर नाही, आणि ते लवकर व्हायला हवं. एवढं मी एका-क्लिकवाल्यांना देऊन टाकतो.

पण त्यांचं पुढचं वाक्य, ‘मग जुन्या ठेवायच्या कशाला?’ हे मात्र घातक आहे. कन्व्हर्टरला काय काय करावं लागतं ते पाहा. जुन्या फॉन्टमध्ये ‘कि’ लिहिताना आधी ऱ्हस्व वेलांटी येते, मग क, कारण डोळ्यांना ती आधी दिसते. युनिकोडमध्ये आधी क, मग वेलांटी, कारण उच्चाराचा क्रम तसा. रफाराचं नेमकं उलट: ‘वर्ग’ लिहिताना जुन्या फॉन्टात ग आधी आणि रफार मागून, युनिकोडमध्ये र आधी. म्हणजे प्रत्येक शब्दात उड्या. सोप्या शब्दांत कन्व्हर्टर त्या बिनचूक मारतो, म्हणूनच तर आपण बेसावध होतो. मग येतो मराठीचा खास आडवा र. एका मुलाखतीत सरहद्दीवरच्या शिबिराची हकिगत आहे, ‘रात्री माणसं वाढली की आचाऱ्यांना उठवायचं.’ रूपांतरानंतर ते ‘आचार्यांना उठवायचं’ झालं. स्वयंपाकी गेले, पंडित आले, आणि लाल रेघही नाही, कारण ‘आचार्यांना’ हा शब्द अगदी शुद्ध आहे! ज्या चुका चूक म्हणून दिसतात त्यांची मला भीती वाटत नाही. शुद्ध दिसणारी चूक मूळ प्रत समोर असल्याशिवाय कुणाला सापडणार?

आता म्हणतात, एआय सगळं वाचून देईल. देईलही, फोटोवरून मराठी वाचणं गेल्या काही वर्षांत चकित करण्याइतकं सुधारलंय, आणि दहा-बारा पानं असतील तर छापील प्रतीवरून सरळ नव्याने टाइप करून घेणं हा मी स्वतः देत असलेला सल्ला आहे. पण जिथे वाचता येत नाही तिथे हे यंत्र अडखळत नाही, संभाव्य शब्द बसवतं. आणि संभाव्य कुणाच्या हिशेबाने? त्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यात ‘जायलालो’ आहे, जकातीच्या नाक्याला ‘करोडगिरीचा नाका’ आहे, कलेक्टरला ‘अव्वल तालुकदार’ आहे. पुण्याच्या वर्तमानपत्रांवर वाढलेल्या कुठल्याही शब्दसंग्रहाला आमचा निम्मा मराठवाडा अशुद्धच वाटणार.

हा प्रश्न आमच्याकडे नवा नाही. पैठणला एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती याच कारणाने: नकलांवर नकला होऊन पाठ बिघडले होते. त्यांनी काय केलं? प्रती ताडल्या, शुद्ध प्रत तयार केली, तिच्या शेवटी साल घातलं, स्वतःचं नाव घातलं, आणि यापुढे जो यात आपली ओवी घुसडेल तो अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवील अशी ताकीद दिली. आजच्या भाषेत आवृत्ती, तारीख, संपादक आणि बदल करण्यास मनाई, सगळं जागच्या जागी आहे. ‘हाली’च्या जागी ‘हल्ली’ ही सरळ सरळ नरोटी आहे, आणि ती ठेवणाऱ्याचं नाव-गाव कुठेच नाही. पण नाथांचंच उदाहरण दुसरीकडूनही बोलतं. त्यांनी समोर ठेवलेल्या पोथ्या आज आपल्या हातात नाहीत. म्हणून १९०९ मध्ये राजवाड्यांनी एकनाथपूर्व म्हणून एक प्रत छापली तेव्हा तिची भाषा खरी किती जुनी यावर विद्वानांत जुंपली. नाथांसारखा संपादक लाभूनही मुळाची उणीव भरून निघाली नाही, तिथे आपल्या कन्व्हर्टरची काय कथा?

‘पण इतकं कोण कशाला पाहणार?’ असं बैठकीत एक सद्गृहस्थ म्हणाले. त्यांनी हे म्हटलं तेव्हा मराठवाड्यात दुसरीकडे काय चाललं होतं? सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदी शोधायला निजामकाळातले दप्तराचे गठ्ठे सुटले. आरक्षणाच्या प्रश्नावर कुणाचं मत काहीही असो, मला त्यात दुसरंच काही दिसलं. उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी किंमत आली. ज्या कारकुनाने महसुलासाठी त्या ओळी लिहिल्या, त्याला शंभर वर्षांनी या कागदाला कुठला प्रश्न विचारला जाणार आहे याची कल्पनाही नसेल. मधल्या काळात कुणी शहाण्याने सगळं नव्या नमुन्यात उतरवून, ‘हा रकाना आता निरुपयोगी’ म्हणून तेवढाच गाळून, मूळ गठ्ठे रद्दीत घातले असते तर? रूपांतर करणारा आजच्या गरजेपुरतं उचलतो. पुढच्याची गरज त्याला ठाऊक नसते. संगणकाच्या फाइलीचंही तसंच. जुन्या वर्डमध्ये ‘फास्ट सेव्ह’ नावाची सोय होती. तीत पुसलेला मजकूरही फाइलीच्या पोटात राहून जाई. २००३ मध्ये ब्रिटिश सरकारने इराकबद्दलचा एक अहवाल वर्ड फाइलीतच प्रसिद्ध केला, आणि त्या फाइलीतून ती शेवटी कुणाकुणाच्या हातून गेली त्यांची नावं बाहेर आली. आमच्या आठ मुलाखतींच्या पोटात काय आहे ते मी अजून पाहिलेलं नाही. डिलीट केल्या तर कुणालाच पाहता येणार नाही.

आणि यासाठी परदेशी अभिलेखागारांचे दाखले कशाला हवेत? सातबारा पाहा. जमीन विकली गेली की जुन्या मालकाचं नाव खोडून टाकत नाहीत; त्याला कंस करतात, नवं नाव लिहितात, शेजारी फेरफार क्रमांक येतो. कुणी, केव्हा, कशाच्या आधारे बदल केला हे त्या क्रमांकावरून काढता येतं. सातबारा संगणकावर चढवताना ज्या चुका झाल्या त्या महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली दुरुस्त करता आल्या त्या कशाच्या बळावर? हस्तलिखित सातबारा जागेवर होता म्हणून. अर्ध्या गुंठ्यासाठी भावाला कोर्टात खेचणारे आपण, अर्ध्या अक्षराच्या बाबतीत एवढे उदार कसे?

सगळंच जपा असं माझं म्हणणं नाही. सभेच्या सूचना, हजेरीपत्रकं, गॅदरिंगच्या पत्रिका, यांना खुशाल नव्या वर्डमध्ये उघडा, गिरवा, फेका. जुन्या फाइलींचा कचराही पुष्कळ असतो आणि कचरा जपण्याचा छंद काही संस्थांना असतो. त्यातून कामाच्या फाइली सापडेनाशा होतात. शिवाय ताडून वाचायला पैसा लागतो, हा आक्षेप मी उडवून लावत नाही. आमच्या संस्थेने रूपांतरासाठी जेवढी रक्कम धरली होती तीत एकही प्रूफवाचक बसत नव्हता. स्कॅनिंगला पानामागे दर असतो, टायपिंगला असतो. ताडून वाचण्याला अंदाजपत्रकात रकानाच नसतो. मग ते काम फुकटात करणारा कुणी निवृत्त मास्तर शोधला जातो. या खेपेला तो मी आहे, म्हणून हे पोटतिडकीने लिहितोय असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही.

अण्णा आणि तो पोरगा आता शेजारी शेजारी बसतात. मूळ फाइलींची एक प्रत कुलूपबंद, दुसरी अण्णांच्या मशीनवर, तिसरी रूपांतरित, आणि तिच्या नावातच तारीख. अण्णा मोठ्याने वाचतात, पोरगा पडद्यावर ताडतो, आणि शंका आली की सातबाऱ्यासारखा कंस करतो. काम दिवसाला सहा-सात पानांच्या पुढे जात नाही. गेल्या आठवड्यात न छापलेल्या मुलाखतीतल्या एका ओळीपाशी दोघे थांबले. कन्व्हर्टर म्हणतो, ‘रातोरात हालीचे दोनशे जमा झाले.’ अण्णांकडच्या फॉन्टच्या जुन्या आवृत्तीत तीच ओळ ‘हाळीचे दोनशे जमा झाले’ अशी दिसते. हाली असेल तर रुपये. हाळी असेल तर उदगीरकडची हाळी, आणि मग ती दोनशे माणसं. मागच्या-पुढच्या ओळींवरून दोन्ही बसतं. मजकुरात आम्ही ‘हालीचे’ ठेवलंय, पुढे कंसात ‘हाळीचे?’ आणि तळाला फाइलचं नाव. सांगणाऱ्याची मुलगी उदगीरला दिलेली आहे, तिला आठवत असेल तर पाहायचं. रविवारच्या बसने जायचं ठरलंय.